कोबीचा गड्डा आणि सरकारी बिल: अमेरिकेत छोट्या शेतकऱ्याचा माल गरजूंपर्यंत कसा पोचतो

अमेरिकेचं कृषी खातं गरजूंसाठी धान्य-भाजी विकत घेतं, यात नवं काही नाही. 1935 च्या एका कायद्याच्या 32 व्या कलमाने सीमाशुल्काच्या उत्पन्नातला 30 टक्के वाटा या खात्याकडे वळवला. बाजारात माल तुंबला, भाव पडले, की सरकारने तो उचलून गरजूंकडे पाठवायचा, ही वहिवाट तेव्हापासूनची. 1981 पासून त्याला तातडीच्या अन्नसाहाय्य योजनेची जोड आहे. तिला तिथे सगळे ‘टेफॅप’ म्हणतात. खातं माल घेतं, राज्याला देतं, राज्य फूड बँकेला, म्हणजे गरजूंसाठी अन्न जमवणाऱ्या संस्थेला देतं आणि फूड बँक वस्तीतल्या वाटप केंद्रांना.

अडचण खरेदीच्या पद्धतीत आहे. टेंडर निघतं, नोंदणी झालेले पुरवठादार बोली लावतात आणि अटी पाळून सगळ्यात कमी दर देणाऱ्याला काम मिळतं. माप असतं पूर्ण ट्रकाचं. एक ट्रक म्हणजे सुमारे 40,000 पौंड, अदमासे 18 टन. एकच जिन्नस, एकाच प्रतीचा, ठरल्या तारखेला, ठरल्या गोदामात. दोन एकरांत तीस प्रकारची भाजी लावणाऱ्या शेतकऱ्याने अशा टेंडरचं करायचं काय? त्याच्याकडे एका आठवड्यात 300 पौंड काकडी, 80 पौंड मुळा आणि चार क्रेट टोमॅटो निघतात. त्याचा माल कमअस्सल असतो असं नाही. तो टेंडरच्या मापात बसत नाही एवढंच. त्यामुळे गरजूंसाठीच्या सरकारी खरेदीचा पैसा वर्षानुवर्षं मोठ्या शेतीकडे आणि मोठ्या पॅकिंगवाल्यांकडे जात राहिला.

डिसेंबर 2021 मध्ये जाहीर झालेली ‘लोकल फूड पर्चेस असिस्टन्स’ ही योजना, थोडक्यात एलएफपीए, या मापालाच हात घालणारी होती.

पैसा कुठून कुठे

सुरुवातीची रक्कम 40 कोटी डॉलर होती आणि ती कोविडनंतरच्या मदत कायद्यातून आली. पुढे आणखी सुमारे 47 कोटींची भर पडली. केंद्रीय कृषी खात्याने स्वतः एकही खोका विकत घ्यायचा नव्हता. त्याने राज्यांशी, बेटांवरच्या प्रदेशांशी आणि मूलनिवासी जमातींच्या शासनांशी करार केले. राज्याने तो पैसा एखाद्या फूड बँकेला, संस्थेला किंवा ‘फूड हब’ला दिला. फूड हब म्हणजे अनेक शेतांचा माल एकत्र करून, प्रतवारी करून, थंड ठेवून पुढे पोचवणारं केंद्र. शेतकऱ्याशी खरेदीचा व्यवहार या शेवटच्या पायरीवर व्हायचा आणि लाभार्थ्याला माल फुकट मिळायचा.

‘स्थानिक’ची व्याख्या कागदावर पक्की होती: माल त्याच राज्यातला हवा, नाहीतर पोचवायच्या ठिकाणापासून 400 मैलांच्या आतला. 400 मैल म्हणजे साधारण 640 किलोमीटर. ऐकायला फार वाटतं, पण विरळ वस्तीच्या राज्यांत त्याहून लहान वर्तुळ काढलं तर आत पुरेशी शेतंच सापडणार नाहीत. शहराजवळच्या फूड बँका मात्र बऱ्याचदा स्वतःहून हे वर्तुळ लहान करतात.

याची आपल्याकडच्या हमीभाव खरेदीशी गल्लत करू नये. तिथे भाव आधी जाहीर होतो आणि अटीत बसणारा माल घेऊन कोणीही केंद्रावर जाऊ शकतो. इथे जाहीर भाव नाही आणि दारही सगळ्यांना उघडं नाही. आधी बोलणी, मग पीक, मग खरेदी.

कोणाकडून घ्यायचं, यावरही भर होता. वंश किंवा समाजाच्या ओळखीमुळे ज्यांना भेदभाव सोसावा लागला, अशा गटांतल्या शेतकऱ्यांकडून खरेदी व्हावी अशी अपेक्षा करारातच घातली होती. त्यामागे मोठा इतिहास आहे. 1920 च्या गणनेत अमेरिकेत सुमारे 9 लाख 25 हजार कृष्णवर्णीय शेतकरी होते, एकूण शेतकऱ्यांच्या जवळपास 14 टक्के. आज दीड टक्काही नाहीत. कर्ज आणि मदत देताना कृषी खात्याने भेदभाव केला, या तक्रारीवर कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी दाखल केलेल्या पिगफर्ड खटल्यात 1999 मध्ये तडजोड झाली आणि सरकारला भरपाई द्यावी लागली. जे खातं एकेकाळी दारातून परत पाठवायचं, तेच गिऱ्हाईक म्हणून उभं राहिलं, हे त्या शेतकऱ्यांच्या लगेच पचनी पडलं नसेल तर नवल नाही. म्हणूनच अर्जाचा नमुना वेबसाइटवर टाकून वाट पाहणाऱ्या राज्यांपेक्षा, शेतकऱ्यांच्या ओळखीच्या संस्थेमार्फत गेलेल्यांना हे शेतकरी गाठणं सोपं जातं.

एक सौदा जवळून

समजा, एका फूड बँकेला ऑक्टोबरपासून सहा आठवडे, दर आठवड्याला 200 खोकी कोबी हवा आहे. खोकं 50 पौंडांचं. आठवड्याला 10,000 पौंड, एकूण 60,000. तीन शेतकरी मिळून हे उचलायचं म्हणतात.

पहिला प्रश्न दराचा नसून गड्ड्याच्या आकाराचा आहे. वाटप केंद्रावर एका कुटुंबाला एक गड्डा द्यायचा असतो, म्हणजे तो तीन-साडेतीन पौंडांचा हवा. खोक्यात साधारण 14 ते 16 बसतील असा. प्रक्रिया कारखान्याला दहा पौंडांचा गड्डा चालतो, कारण चिरायला मजूर कमी लागतात. कुटुंबाला तो नको. निम्मा फ्रिजमध्ये काळा पडतो. गड्डा लहान ठेवायचा तर रोपं जवळ लावायची, दीड फुटाऐवजी एक फुटावर, आणि वाणही त्या बेताने निवडायचा. म्हणजे आकाराची बोलणी जानेवारी-फेब्रुवारीत, बियाणं मागवण्याआधी व्हायला हवीत. सप्टेंबरमध्ये ‘जरा लहान गड्डे पाठवा’ म्हणून उपयोग नाही.

दुसरं, तारखा. लावणीपासून तोडणीपर्यंत वाणानुसार 70 ते 90 दिवस धरले, तर ऑक्टोबरच्या पहिल्या तोडणीसाठी रोपं जुलैच्या सुरुवातीला शेतात हवीत. इथे नवखे फसतात. दर आठवड्याला तोडणी हवी म्हणून ते दर आठवड्याला लावणी करतात. शरद ऋतूत दिवस लहान होतात, ऊन उतरतं आणि मागाहून लावलेल्या रोपांची वाढ मंदावते. जुलैतलं सात दिवसांचं अंतर ऑक्टोबरात दहा-बारा दिवसांचं होऊन बसतं आणि मधला एखादा आठवडा कोरडा जातो. म्हणून मागच्या लावण्या चार-पाच दिवसांच्या अंतराने उरकतात, आणि कीड, फुटलेले गड्डे, हरणं यांचा हिशेब धरून रोपं 15 ते 20 टक्के जास्त लावतात.

मग दर. कृषी खातं मोठ्या घाऊक बाजारांतले भाव रोज प्रसिद्ध करतं, त्यामुळे आकडा शोधावा लागत नाही. पण तो आकडा हजार एकरांवर यंत्राने शेती करणाऱ्याच्या खर्चावर बेतलेला असतो. त्या दराला तीन एकरवाल्याची मजुरीही सुटत नाही. उलट आठवडी बाजारातला किरकोळ दर दिला, तर फूड बँकेचा पैसा ऑगस्टमध्येच संपतो. रास्त दर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी निघतो. तो काढायची खात्रीची रीत एकच: शेतकऱ्याने रोपं, मजुरी, खोकं, गारवा आणि वाहतूक असा प्रति खोका खर्च मांडायचा. खोकं आणि वाहतूक मोजायचं राहून जातं, हे नेहमीचं. मेणाचा थर दिलेलं नवं खोकं फुकट येत नाही, आणि जुन्या खोक्यात माल भरला तर खाद्यसुरक्षेच्या कारणाने फूड बँक नाकारू शकते.

कोटेशनचं काय? केंद्राच्या पैशातून होणाऱ्या खरेदीला केंद्राचे नियम लागतात. बराच काळ 10,000 डॉलरपर्यंतची खरेदी ‘सूक्ष्म’ धरली जायची; ऑक्टोबर 2025 पासून ही मर्यादा 15,000 डॉलर आहे. दर वाजवी असला की तिच्यासाठी स्पर्धात्मक कोटेशनं गोळा करावी लागत नाहीत. छोट्या शेतकऱ्याला ही मर्यादा फार सोयीची. त्यावर गेलं की कोटेशनं लागतात. मोठी ऑर्डर मुद्दाम तोडून तुकडे दाखवणं नियमबाह्य आहे. तीन शेतकऱ्यांशी तीन वेगळे खरेखुरे व्यवहार असतील तर हरकत नाही. एकाच शेतकऱ्याच्या एकाच ऑर्डरची चार बिलं केली, तर लेखापरीक्षक बोट ठेवणारच.

गारवा, शिक्के आणि लेबलं

तोडलेली भाजी शेतातली उष्णता घेऊन येते. ती पहिल्या काही तासांत काढली नाही, तर पुढे कितीही चांगलं शीतगृह असो, आयुष्य घटलेलंच असतं. कोबीला शून्य अंशाजवळचं तापमान आणि 95 टक्क्यांच्या वर आर्द्रता मिळाली, तर साठवणीचे वाण काही महिने टिकतात. टोमॅटो मात्र 12-13 अंशांखाली ठेवला की चव जाते आणि डाग पडतात. रताळं काढल्यावर आधी चार-सात दिवस सुमारे 30 अंशांत, दमट हवेत ठेवून साल पक्की करून घ्यावी लागते. मग ते 13 ते 15 अंशांत टिकतं. ज्या फूड हबकडे 4 अंशांवर लावलेली एकच खोली आहे, तो पालक आणि टोमॅटो दोन्हींवर अन्याय करत असतो. त्याच खोलीत सफरचंदाची खोकी ठेवली तर त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने शेजारची गाजरं कडू होतात. तक्रार मग शेतकऱ्याच्या नावावर येते.

खाद्यसुरक्षेच्या बाबतीत कायदा काय मागतो आणि गिऱ्हाईक काय मागतं, यात फरक आहे. ताज्या फळभाज्यांच्या केंद्रीय सुरक्षा नियमातून ज्यांची अशा मालाची वार्षिक सरासरी विक्री 25,000 डॉलर किंवा त्याखाली आहे ते वगळलेले आहेत (हा आकडा महागाईनुसार वाढत जातो). पण बऱ्याच खरेदीदारांना शेताचं ऑडिट हवं असतं, कारण त्यांच्या विमा कंपनीला ते हवं असतं. ऑडिटचा खर्च, पाण्याची तपासणी, हात धुण्याची सोय, नोंदवही आणि उत्पादन दायित्वाचा विमा हे सगळं पहिल्या बिलाआधी उभं करावं लागतं. शहाणी राज्यं इथे लवचिक राहिली. प्रशिक्षण आणि लेखी सुरक्षा आराखडा चालेल असं म्हटलं, की लहान शेतं आत येऊ शकतात.

मांसाचा मामला अजून किचकट. मालकाने स्वतःच्या घरासाठी कापून घेतलेलं मांस विकता येत नाही. विक्रीला तपासणी झालेल्या कत्तलखान्याचा शिक्का लागतो. त्यातही केंद्राचा शिक्का देशभर चालतो, राज्याचा शिक्का सहसा राज्याच्या हद्दीतच. म्हणजे 60 मैलांवरचा पशुपालक ‘स्थानिक’ व्याख्येत बसतो, पण मधे राज्याची सीमा असेल आणि शिक्का राज्याचाच असेल तर त्याचं मांस पलीकडच्या फूड बँकेला घेता येत नाही. शिवाय लहान कत्तलखान्यांची बुकिंग कित्येक महिने आधी भरलेली असते. योजनेचा पैसा जूनमध्ये आला आणि कत्तलीची तारीख पुढच्या फेब्रुवारीची मिळाली, तर करार कसा पाळायचा?

आणि लेबल. माल खरंच स्थानिक होता हे नंतर सिद्ध करावं लागतं. फूड हबमध्ये तीन शेतांची खोकी एका पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीवर चढतात. खोक्यावर शेताचं नाव, जिन्नस, तोडणीची तारीख आणि लॉट क्रमांक नसेल, तर बिल आणि माल यांचा मेळ लागत नाही. लेखापरीक्षणात ते बिल अडकतं आणि परतफेडही अडकते.

बिल गेलं, पैसे कधी?

ही सगळी व्यवस्था बहुतेक ठिकाणी परतफेडीवर चालते. शेतकरी हबला बिल देतो, हब फूड बँकेला, फूड बँक राज्याला, आणि राज्य केंद्राकडून रक्कम काढतं. प्रत्येक पायरीवर 30 दिवसांची मुदत धरली तरी तीन महिने होतात. ज्याने मजुरांना दर शुक्रवारी पैसे मोजले, त्याच्यासाठी हे तीन महिने जीवघेणे असतात. ज्या हबकडे खेळतं भांडवल आहे तो शेतकऱ्याला पंधरवड्यात पैसे देऊन स्वतः थांबतो. ज्याच्याकडे नाही, तो शेतकऱ्याच्या पैशावर सरकारी योजना चालवत असतो, हे स्पष्ट म्हटलेलं बरं. राज्याने हबला आगाऊ उचल देणं हा यावरचा साधा उपाय आहे. हिशेबनिसांना तो आवडत नाही.

शेवटच्या टोकाकडेही पाहायला हवं. वाटप केंद्र म्हणजे बहुधा चर्चचं तळघर. स्वयंसेवक चालवतात, आठवड्यातून दोन दिवस उघडं, घरगुती आकाराचे दोन फ्रिज. गुरुवारी एक पॅलेट सॅलडची पानं आली आणि केंद्र शनिवारी उघडणार असेल, तर निम्मा माल कचऱ्यात. घेणाऱ्याकडेही स्वयंपाकघर असेलच असं नाही. मोटेलच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला भोपळा देऊन काय उपयोग? त्यांना सफरचंद, गाजर, उकडलेली अंडी. ऑगस्टमध्ये सगळ्यांचीच झुकिनी एकदम निघते, आणि नियोजन नसेल तर तिसऱ्या आठवड्याला लोक ती घ्यायची थांबतात.

या योजनेची खरी कमाई मात्र इथेच दिसते. माल जवळचा आणि बोलणी थेट असली, की लोकांना हवं ते लावून घेता येतं. मिनेसोटात आग्नेय आशियातून आलेल्या हमोंग समाजाचे भाजी उत्पादक बरेच आहेत आणि त्याच राज्यात हमोंग कुटुंबंही. त्यांची पालेभाजी, मिरची, वनस्पती त्यांच्याच वस्तीत जाऊ शकते. मोठ्या सरोवरांच्या परिसरातल्या ओजिब्वे जमातींसाठी ‘मनूमिन’, म्हणजे पाण्यात वाढणारा जंगली तांदूळ, हे पूर्वापारचं अन्न. मैदानी जमातींसाठी बायसनचं मांस. राखीव प्रदेशांतल्या सरकारी अन्नवाटपात दशकानुदशकं डबाबंद आणि प्रक्रिया केलेला माल येत होता. 2018 च्या शेती कायद्याने काही जमातींना या वाटपासाठीचा माल स्वतः खरेदी करून पाहायची मुभा दिली, आणि एलएफपीएमध्ये जमातींची शासनं थेट करार करू शकली.

मार्च 2025

तिसऱ्या फेरीसाठी या योजनेला सुमारे 50 कोटी आणि शाळा व बालसंगोपन केंद्रांच्या जोडयोजनेला 66 कोटी डॉलर जाहीर झाले होते. मार्च 2025 मध्ये कृषी खात्याने दोन्ही नव्या फेऱ्या रद्द केल्याचं राज्यांना कळवलं. केंद्राच्या अनुदान नियमांत एक कलम आहे: एखादं अनुदान खात्याच्या प्राधान्यक्रमाला धरून राहिलं नाही, तर ते संपवता येतं. त्याचाच आधार घेतला गेला.

महिना लक्षात घ्या. मार्चमध्ये बियाणं आलेलं असतं, रोपवाटिका भरलेली असते, काहींनी या मागणीच्या भरवशावर कर्ज काढून शीतखोली बांधलेली असते. हीच बातमी नोव्हेंबरात आली असती तर लावणी कमी करता आली असती.

ज्या राज्यांनी स्वतःचा पैसा घातला होता त्यांना धक्का कमी बसला. न्यूयॉर्कने 2020 मध्ये, कोविडच्या काळात, राज्यातलाच माल घेऊन फूड बँकांना देणारी ‘नरिश न्यूयॉर्क’ ही योजना काढली आणि 2021 मध्ये तिला कायद्याचं रूप दिलं. पेनसिल्व्हेनियाचीही शिल्लक शेतमाल फूड बँकांना देणारी स्वतःची व्यवस्था आहे.

ब्राझीलने हा प्रश्न निराळ्या बाजूने हाताळला. तिथली कुटुंब-शेतीतून अन्नखरेदीची योजना, पीएए, 2003 ची. 2021 मध्ये ती बदलून दुसऱ्या नावाची आणली गेली, 2023 मध्ये मूळ नावाने परत आली. शाळांच्या जेवणाचं मात्र 2009 पासून कायद्यातच लिहिलेलं आहे: केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान 30 टक्के कुटुंब-शेतीच्या मालावर खर्च करायचा. 2026 पासून हा वाटा 45 टक्के करण्यात आला आहे. खरेदी टेंडरने होत नाही, जाहीर आवाहनाने होते. दर आधीच स्थानिक बाजारातून काढून छापलेला असतो आणि निवड दरावर न होता शेतकरी कुठला, कोण, यावर होते. त्याच गावच्यांना, भूमिसुधारणेतून जमीन मिळालेल्यांना, मूलनिवासींना आणि गुलामीतून पळालेल्यांच्या वंशजांच्या वस्त्यांना प्राधान्य. सगळ्या नगरपालिका ठरलेला आकडा गाठतात असं नाही, पण सरकार बदललं म्हणून टक्का आपोआप शून्यावर येत नाही.

करार हातात आल्यावर

अमेरिकेतल्या शेतकऱ्यासमोर आज असा करार आला, तर दर पाहण्याआधी चार जागा वाचाव्यात. पैसे माल पोचल्यापासून किती दिवसांत, की ‘वरून रक्कम आल्यावर’? दुसऱ्या शब्दांना तारीख नसते. माल नाकारायचा अधिकार कोणाला, किती तासांत, आणि फोटोशिवाय नाकारता येतो का? गारपीट किंवा रोगाने पीक गेलं तर बदली जिन्नस चालेल का? आणि वरचा निधी थांबला तर काय? या शेवटच्या कलमात बहुधा एवढंच असतं की खरेदीदारावर जबाबदारी राहणार नाही. तिथे एक ओळ वाढवून मागावी: लावणी झालेल्या क्षेत्राचा रोपं, मजुरी आणि खोक्यांचा खर्च खरेदीदार देईल. काही हब ही ओळ मान्य करतात. जे करत नाहीत त्यांच्यासाठी किती ओळी कोबी लावायचा, ते मग त्या हिशेबाने ठरवावं.